जुने मोजणी-अभिलेख शोधताना: सातबाऱ्यापासून मूळ टिपणापर्यंत उलट कसं जायचं

भूमी अभिलेख कार्यालयाच्या खिडकीवर एक अर्ज हमखास येतो: ‘आमच्या जमिनीचे सर्व जुने रेकॉर्ड मिळावे.’ त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘नेमका अभिलेख नमूद करावा.’ अर्जदार चिडतो, कार्यालय टाळाटाळ करतंय म्हणतो. दुसरी तऱ्हा याच्या उलट. घरातल्या ट्रंकेत पणजोबांच्या नावाचा पिवळा पडलेला उतारा सापडतो आणि त्या एका कागदाच्या जोरावर माणूस थेट वकिलाचं घर गाठतो. दोघांची चूक एकच. जुना कागद सुटा वाचून काही उपयोग नसतो. आजच्या सातबाऱ्यापासून एकेक दुवा मागे जात तो कागद आजच्या जमिनीला जोडावा लागतो. मधला एक दुवा निसटला की हातात उरतं ते नुसतं एक जुनं नाव.

खालचा क्रम जुन्या मुंबई इलाख्यातल्या, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकणातल्या शेतजमिनींसाठी आहे. मराठवाडा आणि विदर्भातले फरक टप्पा ६ मध्ये दिले आहेत. गोव्यात एक-चौदाचा उतारा आणि पोर्तुगीज काळातली नोंदणी असा निराळाच कारभार आहे. तो इथे घेतलेला नाही.

तयारी: घर सोडण्याआधी

एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: नंबर, क्षेत्र-आकार (आकार म्हणजे जमिनीवर बसवलेला सारा), नाव. प्रत्येक कागदातून या तीन गोष्टी वेगवेगळ्या उतरवायच्या. बहुतेक लोक फक्त नावाच्या मागे धावतात आणि तिथेच फसतात, कारण नाव वारसाने, विक्रीने, नजरचुकीनेही बदलतं. नंबर आणि क्षेत्र मात्र कुठल्या तरी आदेशाशिवाय बदलायला नकोत. म्हणून माग काढायचा तो नंबर आणि क्षेत्राचा. नाव त्यांच्याबरोबर आपोआप येतं.

वंशावळ लिहा, पण आडनावावर भिस्त ठेवू नका. जुन्या नोंदींत ‘रामा बिन गोविंदा’, म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, एवढंच असतं. मराठवाड्यात ‘बिन’ऐवजी ‘वल्द’, बायकांच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आणि मग नवऱ्याचं नाव. घरात ज्यांना सगळे ‘आप्पा’ म्हणायचे त्यांचं पाळण्यातलं नाव वडीलधाऱ्यांना विचारून घ्या.

गाव आज कुठल्या तालुक्यात आहे हे पुरत नाही, तेव्हा कुठे होतं ते बघा. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, जालना त्याच वर्षी औरंगाबादेतून, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. जुने गठ्ठे कधी नव्या जिल्ह्यात आले, कधी जुन्याच ठिकाणी राहिले. गाव पूर्वी संस्थानात असेल (कोल्हापूर, सांगली, औंध, भोर, सावंतवाडी, जंजिरा) तर विलीनीकरणाआधीचे कागद पुराभिलेखागारात शोधावे लागू शकतात.

कुठला कागद कुठे, हे पाठ करून ठेवा. सातबारा, फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद), आठ-अ (खात्याचा उतारा) आणि पीकपाहणी महसूलकडे, म्हणजे तलाठ्याकडे (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी) आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात. टिपण (मूळ मोजणीचा कच्चा नकाशा), गुणाकार बुक (त्यावरून काढलेल्या क्षेत्राचा हिशेब), फाळणी (हिश्शांची मोजणी), आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि आकार), आकारफोड (हिश्शांवर वाटलेला आकार), कमी-जास्त पत्रक, एकत्रीकरणाचे कागद आणि गावनकाशा उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे. खरेदीखत, गहाणखत आणि सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) दुय्यम निबंधकाकडे. तलाठ्याकडे टिपण मागणं म्हणजे एक खेप फुकट घालवणं.

‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले बरेच जुने सातबारे आणि फेरफार घरबसल्या बघता येतात. आधी तिथे बघा, नंबर टिपा, मग कार्यालयात जा.

टप्पा १: आजचा सातबारा, मग हस्तलिखित सातबारे

संगणकीकृत सातबाऱ्यावर गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्र, पोटखराब (लागवडीला न येणारा भाग), आकार, भोगवटादार वर्ग, इतर हक्क आणि खाली फेरफारांचे क्रमांक असतात. हे सगळं वहीत उतरवा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं.

त्यानंतर हस्तलिखित सातबारे मागा. ते साधारण दहा-दहा वर्षांनी नव्या वहीत उतरवले जात. प्रत्येक वही वेगळी मागायची, कारण नक्कल उतरवताना एखादं नाव गळणं, १४ चा १९ होणं, इतर हक्कातली ओळ सुटणं हे सर्रास झालेलं आहे. दोन वह्यांत फरक दिसतो आणि मधे फेरफार नाही, असं झालं तर तो फरक लाल शाईने लिहा. पुढे दुरुस्तीचा अर्ज उभा राहतो तो त्यावरच.

हस्तलिखित उताऱ्यावर कंसातलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. नव्या नावाशेजारी गोलात लिहिलेला आकडा हा फेरफाराचा क्रमांक. कंस पुसट असतो आणि झेरॉक्समध्ये उडून जातो, म्हणून शक्य असेल तर मूळ वही डोळ्यांनी बघा.

ताळा: सातबाऱ्यावरच्या प्रत्येक फेरफार क्रमांकासमोर तुमच्या वहीत एक रिकामी ओळ हवी. या ओळी टप्पा २ मध्ये भरायच्या. त्या भरेपर्यंत टप्पा ३ ला जायचं नाही.

टप्पा २: फेरफारांची साखळी, एकही कडी न वगळता

गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. तिच्यात नोंदीचा क्रमांक, हक्क कसा मिळाला, कुठल्या नंबरावर परिणाम झाला आणि चाचणी अधिकाऱ्याचा शेरा असे चार रकाने असतात. लोक दुसरा रकाना वाचतात आणि उठतात. खरा रकाना चौथा. नोंद मंजूर झाली की रद्द, की कुणाच्या हरकतीवरून विवादग्रस्त नोंदवहीत गेली, हे तिथे कळतं. रद्द झालेल्या फेरफाराची नक्कल अभिमानाने फायलीला लावणारे कमी नाहीत.

सगळ्यात नव्यापासून सुरुवात करा आणि मागे जा. प्रत्येक नोंदीत आधीच्या धारकाचं नाव असतं. तेच नाव मागच्या फेरफारात नव्याने लागलेलं दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर मधे एक नोंद आहे आणि ती सातबाऱ्यावर उतरलेली नाही.

काही नोंदी बघून लोक उगाच घाबरतात. १९७० च्या आसपास बहुतेक गावांत एकच मोठा फेरफार सापडतो, त्यात इंडियन कॉइनेज ॲक्ट १९५५ आणि दशमान मापांचा उल्लेख असतो. तो विक्रीचा नाही. एकर-गुंठ्याचे हेक्टर-आर आणि आणे-पैचे नवे पैसे केल्याची ती गावभराची नोंद. तरी तिच्याकडे दुर्लक्ष नको, कारण रूपांतरातल्या चुका नेमक्या इथेच शिरल्या.

सावध: फेरफाराने मालकी मिळत नाही. मालकी खरेदीखताने, वारसाने, वाटपाने, कायद्याने मिळते, फेरफार तिची खबर देतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच तिचं वजन. म्हणून विक्रीचा फेरफार दिसला की दस्ताचा क्रमांक आणि तारीख टिपा आणि दुय्यम निबंधकाकडून दस्ताचीच नक्कल काढा. कितीदा तरी दस्तात एक हिस्सा विकलेला असतो आणि फेरफारात अख्खा नंबर गेलेला असतो.

टप्पा ३: गट नंबर फोडून सर्व्हे नंबरापर्यंत

साखळ्या तुटतात त्या बहुतेक इथे.

१९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना झाली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. ज्या गावांत झाली नाही तिथे आजही सर्व्हे नंबरच चालतो, आणि तुमचं गाव तसं असेल तर थेट टप्पा ४ ला जा.

योजनेत नुसते आकडे बदलले असं समजू नका. एकाच धारकाचे विखुरलेले तुकडे एका ठिकाणी आणण्यासाठी अदलाबदल झाली. गट १२० मध्ये तुमच्या आजोबांचा जुना सर्व्हे ४७/२ असेल, त्याला शेजाऱ्याच्या ४८ मधला तुकडा जोडलेला असेल आणि नदीकाठचा त्यांचा ५१/३ तिसऱ्याच माणसाच्या गटात गेला असेल. म्हणून ‘आमचा जुना नंबर ५१/३, तो आज अमक्याच्या ताब्यात आहे, म्हणजे त्याने बळकावला’ असा निष्कर्ष घाईने काढू नका.

मागायचे कागद: जुन्या सर्व्हे नंबरांवरून नवे गट दाखवणारा तक्ता, एकत्रीकरण योजनेचा उतारा (कार्यालयात याला ९(३)-९(४) म्हणतात) आणि त्या वेळी खातेदाराने दिलेला जबाब. जबाब सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या माणसाने अदलाबदलीला मान्यता दिली का, खाली सही आहे की अंगठा, हे त्यात दिसतं.

ताळा: गटात गेलेल्या सगळ्या तुकड्यांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राएवढी यायला हवी. चार-दोन आरांचा फरक मोजणीचा असू शकतो. अर्ध्या एकराचा फरक असेल तर एखादा तुकडा तुमच्या यादीत आलेला नाही, किंवा नको तो आला आहे.

टप्पा ४: हिस्से आणि बेरजा

सर्व्हे नंबर हाती आला की त्याचे हिस्से कधी, कसे पडले ते शोधा. यासाठी हिस्सा फॉर्म नंबर ४, फाळणी नकाशा आणि आकारफोड पत्रक लागतं. रस्ता, कालवा, बिनशेती अशा कारणांनी क्षेत्र बदललं असेल तर कमी-जास्त पत्रक, ज्याला सगळे कजाप म्हणतात. जुना कडईपत्रकाचा उतारा मिळाला तर उत्तमच, त्यात सर्व्हे नंबरातला प्रत्येक हिस्सा आणि त्याचा धारक ओळीने दिसतो.

इथे थोडं गणित करावंच लागतं. ४० गुंठे म्हणजे एकर, १६ आणे म्हणजे गुंठा. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच १.०१ आरच्या किंचित वर. जुन्या कागदावर ‘९-२०’ लिहिलं असेल तर ते नऊ एकर वीस गुंठे, साडेनऊ एकर. नऊ पूर्णांक वीस शतांश नव्हे. ही चूक शिकलेली माणसंच जास्त करतात, कारण त्यांना दशांश चिन्हाची सवय.

एक उदाहरण घेऊ. समजा स.नं. ४७ चं लागवडीखालचं क्षेत्र ९-२० आणि आकार ७ रुपये ८ आणे. हिस्से तीन:

४७/१: क्षेत्र ४-३०, आकार ३ रु. १२ आणे
४७/२: क्षेत्र २-१५, आकार १ रु. १४ आणे
४७/३: क्षेत्र २-१५, आकार १ रु. १४ आणे

बेरीज ९-२० आणि ७ रु. ८ आणे, म्हणजे ताळा जमला. आता रूपांतर बघा. २-१५ म्हणजे ९५ गुंठे, म्हणजे सुमारे ९६.१ आर. आकार १ रु. १४ आणे म्हणजे १.८८ रुपये. आजच्या सातबाऱ्यावर ४७/३ चं क्षेत्र ०.८६ हेक्टर, म्हणजे ८६ आर, दिसलं आणि आकार मात्र १.८८ च राहिला, तर दहा आर कुठल्या आदेशाने गेले हे विचारायचं. आदेश नसेल तर ती उतरवण्यातली चूक असण्याची शक्यता मोठी.

आकाराकडे कुणी बघत नाही, रुपया-दोन रुपयांचा असतो म्हणून. पण क्षेत्र खाडाखोड होऊन बदललं तरी आकार बहुतेकदा तसाच राहतो, आणि तोच चोर पकडून देतो. सारख्या प्रतीच्या जमिनीत क्षेत्र आणि आकार एकाच प्रमाणात असायला हवेत.

सावध: पोटखराब बेरजेत धरलंय की वगळलंय ते प्रत्येक कागदावर वेगळं तपासा. निम्मे ‘गायब झालेले’ गुंठे पोटखराबाच्या ओळीत बसलेले सापडतात.

सातबारा आणि आकारबंद यांत फरक आला तर घाबरू नका, पण सोडूही नका. आकारबंद भूमी अभिलेखकडचा, मोजणीवर उभा राहिलेला कागद आहे. फरक समजून घ्यायचा तर कजाप आणि आकारफोड हेच दोन दरवाजे.

टप्पा ५: मूळ मोजणी

आता शेतवार पत्रक, टिपण, गुणाकार बुक आणि प्रतिबुक (जमिनीच्या प्रतवारीचं). मुंबई इलाख्यातली ही मोजणी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून सुरू झाली, आणि आकार ३० वर्षांसाठी ठरवला जाई. त्यामुळे एकाच गावाची पहिली मोजणी आणि नंतरची फेरमोजणी असे दोन संच असू शकतात. काही गावांत फेरमोजणीला नंबरच बदलले. म्हणून ‘स.नं. ४७’ एवढं लिहून भागत नाही, कुठल्या मोजणीचा ४७ ते लिहा.

टिपण बघून नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. ते प्रमाणात काढलेलं नसतं. शेताची कच्ची आकृती, मधून एक पायारेषा आणि बाजूंना आकडे, एवढंच. ते आकडे शंकू साखळीचे. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. टिपणावर ‘५-८’ असेल तर पाच साखळ्या आठ आणे, म्हणजे साडेपाच गुणिले ३३, १८१.५ फूट. मीटरच्या टेपने बांध मोजताना हे आधी कागदावर बदलून घ्या. टिपणाच्या आकड्यांवरून क्षेत्र कसं काढलं ते गुणाकार बुकात असतं, आणि टिपण फाटलेलं असेल तर गुणाकार बुकातून आकडे परत मिळू शकतात.

सावध: टिपणावर टेप लावून बांध हलवायला जाऊ नका. हद्द दाखवण्याचं काम सरकारी मोजणीचं. तुम्ही फक्त मोजणीदारासमोर कुठला अभिलेख ठेवायचा ते ठरवताय. फाळणी झालेली असेल तर हिश्शाची हद्द फाळणीवरून, मूळ टिपण सर्व्हे नंबराच्या बाहेरच्या हद्दीपुरतं.

जुने कागद मोडीत असतील. मोडीत आधी पानभर रेघ ओढून अक्षरं तिला टांगत जायची रीत, शब्द वेगळे तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नसतो. ओळखीच्या आजोबांकडून अंदाजे वाचून घेतलेलं कोर्टात चालत नाही. जाणकार लिप्यंतरकाराकडून सहीनिशी लिप्यंतर घ्या आणि आकडे स्वतः ताडून बघा, बेरीज खोटं बोलत नाही.

टप्पा ६: भाग बदलला की कागद बदलतो

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे सेतवार, पहाणी पत्रक आणि मुख्य म्हणजे १९५४-५५ चं खासरा पत्रक बघायचं. जुन्या नोंदी उर्दूत आणि साल फसली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, १३६४ फसली म्हणजे १९५४-५५.

नागपूर बाजूला मालगुजारी १९५१ मध्ये संपली. त्यानंतरचा १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हा तिथला पाया. गावाच्या सामाईक हक्कांसाठी निस्तारपत्रक. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खोती गावांत खोत आणि कुळं यांच्या नोंदींसाठी बोटखत मागा, आणि वसलेवार बुक विसरू नका.

२०२३ पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची गर्दी या खोल्यांत वाढली आहे. जातीच्या नोंदीसाठी गाव नमुना १४ (कोतवाल बुक) चालतो, जमिनीचा दुवा जुळवायला त्याचा उपयोग नाही. दोन्ही कामं एकाच अर्जात घालू नका.

टप्पा ७: आता नाव वाचा

नाव मुद्दाम इतकं उशिरा घेतलं. मूळ मोजणीने उत्तर दिलं ते ‘या शेताचा सारा कोण भरणार’ या प्रश्नाचं. ज्याने भरायचा तो खातेदार म्हणून लागला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने त्याचा भोगवट्याचा हक्क वारसाने जाणारा आणि विकता येणारा ठरवला. साऱ्याच्या यादीतलं नाव हळूहळू मालकाचं नाव झालं ते असं. ज्यांचं नाव लागलं नाही, म्हणजे धाकटे भाऊ, कसणारी कुळं, विधवा, त्यांचा हक्क कागदाबाहेर राहिला. म्हणून जुन्या उताऱ्यावर एकट्या पणजोबांचं नाव आहे म्हणून जमीन त्यांच्या एकट्याची होती असं होत नाही, आणि चुलत घराण्याचं नाव नाही म्हणून त्यांचा हक्क नव्हता असंही नाही.

नावाच्या आजूबाजूची अक्षरं भिंग लावून बघा. ‘एकुमॅ’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. ‘अपाक’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पुढे तो अज्ञान सज्ञान झाल्यावर पालनकर्त्याचं नाव निघालं का? नसेल निघालं तर नंतरच्या वहीत ‘अपाक’ गळून पालनकर्ताच मालक होऊन बसलेला असू शकतो. तीन अक्षरं गळाली की घराणं बदलतं.

इतर हक्काचा रकाना खालपर्यंत वाचा. बहिणींची नावं वारसाऐवजी तिथे टाकायची वाईट रीत होती. कुळाचं नाव तिथे असेल तर १ एप्रिल १९५७ या कूळकायद्यातल्या कृषक दिनाला ते कसत होतं का, त्याच कायद्याच्या कलम ३२-ग ची (खरेदीची किंमत ठरवण्याची) चौकशी झाली का, ३२-म चं (खरेदीचं) प्रमाणपत्र निघालं का, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणावर बंधन असलेली जमीन) दिसला तर मागे वतन, इनाम, कूळकायदा किंवा सरकारी वाटप यांपैकी काहीतरी आहे. देवस्थान इनाम असेल तर वहिवाटदाराचं नाव मालकाचं समजू नका.

टप्पा ८: नक्कल मागण्याची रीत

आधी पाहणीचा अर्ज, मग नकलेचा. वही समोर उघडून पान क्रमांक टिपला की नकलेच्या अर्जात गाव, तालुका, अभिलेखाचं नाव, साल, सर्व्हे नंबर आणि पान असं सगळं लिहिता येतं. एका अर्जात एकच प्रकारचा अभिलेख. कोर्ट फी स्टँप लावा, पोच घ्या, नक्कल हातात आल्यावर जागेवरच शिक्का, सही आणि तारीख बघा. साधी झेरॉक्स अभ्यासाला चालते, पुराव्याला नाही.

‘जीर्ण आहे, मिळणार नाही’ असं तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. अभिलेख उपलब्ध नसल्याचा लेखी दाखला मागा. तोही द्यायला टाळलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. टिपण नसल्याचा लेखी दाखला हाती असेल तर गुणाकार बुक किंवा फाळणीवर भर देण्याला आधार मिळतो.

सापडलं, आता कुठे जायचं

दोन वह्यांमध्ये नक्कल उतरवताना झालेली, आदेशाशिवायची चूक असेल तर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज. जोडायला दोन्ही वह्यांच्या नकला आणि मधे फेरफार नसल्याचं दाखवणारी यादी. फेरफाराचा आदेशच चुकीचा वाटत असेल तर १५५ चालत नाही, अपील करावं लागतं. जिल्हाधिकाऱ्याखालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर मुदत ६० दिवसांची. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि प्रत्येक वर्षाच्या उशिराचं पटणारं कारण. एकत्रीकरणातली चूक भूमी अभिलेखकडे त्या कायद्याखाली जाते आणि तिथे पन्नास वर्षांनी जाग आली हे सहसा ऐकून घेत नाहीत. मालकी कुणाची, दस्त खरा की खोटा, वाटप झालं की नाही, हे दिवाणी न्यायालयाचं काम. तहसीलदारापुढे त्याचे कागद पसरून उपयोग नाही.

वकिलाकडे जाताना गठ्ठा नेऊ नका. वहीतल्या तीन रकान्यांची एक पानाची यादी करा, सगळ्यात वर आजचा गट, सगळ्यात खाली मूळ सर्व्हे, प्रत्येक ओळीसमोर कागदाचं नाव आणि पान. जिथे दुवा मिळाला नाही ती ओळ रिकामी सोडा, अंदाजाने भरू नका. समोरच्याचा वकील सगळ्यात आधी तीच ओळ शोधणार आहे.